सामुराईंचं ‘क्लॅन’: कूळ की घराणं?

प्रश्न असा आहे: रोकुगान या काल्पनिक साम्राज्यात सिंह आणि सारस ही दोन सामुराई ‘क्लॅन’ तोशी रानबो शहरासाठी लढतात. ती कथा मराठीत लिहायची, तर ‘क्लॅन’ला टोळी, वंश, कूळ आणि घराणं यांपैकी काय म्हणावं?

माझं मत कूळ. पण घराणं टाकून देऊ नका, पुढच्याच ओळीत ते लागेल. सिंहांमध्ये अकोडो, मात्सु, इकोमा, कित्सु अशी घराणी आहेत. सारसांमध्ये डोजी, काकिता वगैरे. पातळ्या दोन आहेत, तर शब्दही दोन हवेत, आणि मराठीत ते तयार आहेत. भोसले हे कूळ. सातारा, कोल्हापूर, तंजावर ही त्यातली राजघराणी. सातारा आणि कोल्हापूर आपसांत लढले, १७३१ मध्ये वारणेचा तह झाला, तरी दोघांचं कूळ भोसलेच.

ज्या जपानवरून ही कल्पित दुनिया रचली, तिथेही हा भेद आहे. ११८० ते ११८५ चं गेन्पेई युद्ध मिनामोतो आणि ताइरा यांच्यात झालं. जपानीत त्यांना गेन्जी आणि हेइके म्हणतात. ‘गेन्जी’तला ‘जी’ जन्माने लाभलेलं कुलनाम दाखवतो, तर ‘हेइके’तला ‘के’ म्हणजे घर, घराणं. दोन्ही कुळं सम्राटांच्याच वंशातून फुटलेली, म्हणून ‘दोन वंशांचं युद्ध’ म्हटलं की अर्थच बिघडतो. त्यात होजो घराणं स्वतःला ताइरा कुळातलं म्हणवायचं, पण होजो तोकिमासा लढला तो जावई मिनामोतो योरितोमोच्या बाजूने! कूळ एकीकडे ओढतं आणि घराणं दुसरीकडे. एकच शब्द वापरलात तर कथेतला हा सगळा ताण हरवेल.

घराण्याला रक्ताचं नातंच लागतं असंही नाही. जपानी सरदार उएसुगी केन्शिन जन्माने नागाओ घराण्यातला; १५६१ मध्ये उएसुगी नोरिमासाने त्याला आपलं नाव आणि वारसा दिला. आपल्याकडे गायक शिष्यत्वाने किराणा घराण्याचा होतो, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

टोळी नकोच. तिला लुटीचा, वाटमारीचा वास आहे. इथे दरबार, किल्ले, मानचिन्हं, वारसाहक्क आहेत. जमातही बसत नाही.

‘कूळ’ची अडचण एकच: कुळकायद्यातलं कूळ. ‘सिंह कुळाची जमीन’ वाचून कोणाला जमीन कसणारं कूळ आठवू शकतं. त्यावर उपाय सोपा आहे. रघुकुल, यदुकुल यांच्या चालीवर सिंहकुल आणि सारसकुल असे समास करा, म्हणजे तो अर्थ आपोआप गळतो. क्लॅनच्या मुख्याला कुलप्रमुख म्हणा. सुटा शब्द लिहिताना ‘कूळ’ दीर्घ, पण विभक्तीत ‘कुळाचा’, ‘कुळात’ असा ऱ्हस्व.

मग वाक्य असं होईल: ‘तोशी रानबोसाठी सिंहकुल उठलं, आणि मात्सु घराण्याने पहिला हल्ला स्वतःकडे मागून घेतला.’