स्कॅन केलेलं मराठी पुस्तक स्क्रीन रीडरसाठी किती तपासावं लागतं?

वडिलांना आता दिसत नाही, म्हणून तुम्ही त्यांची आवडती कादंबरी स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर ओसीआर केलीत (म्हणजे पानांच्या चित्रांतून अक्षरं ओळखून मजकूर काढलात) आणि विचारताय की शब्द न् शब्द ताडून बघायलाच हवा का. मी हे काम बरीच वर्षं करतोय. माझ्या मते नको. ऐकणाऱ्याचा रसभंग होतो तेवढं आधी काढा.

त्यात पहिला नंबर पानाच्या माथ्यावर छापलेल्या पुस्तकाच्या नावाचा. डोळे ते आपोआप गाळतात, एनव्हीडीए (संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर) गाळत नाही. प्रसंग ऐन रंगात आलेला असताना मध्येच पुस्तकाचं नाव, पान सत्तेचाळीस, आणि मग वाक्यातलं उरलेलं क्रियापद! ही नावं ‘शोधा आणि बदला’ वापरून उडवा, तुटलेल्या ओळी जोडून सलग परिच्छेद करा (मध्ये कविता असेल तर तिच्या ओळी तशाच राहू द्या). प्रकरणांच्या नावांना वर्डमधली ‘हेडिंग १’ स्टाइल द्या. नुसतं ठळक करून भागत नाही. स्टाइल असली की एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये (यात एकेका अक्षराची कळ दाबून मजकुरात फिरता येतं) एच दाबत वडील हव्या त्या प्रकरणावर जातील.

मग अक्षरं. निरर्थक शब्द स्पेलचेकर पकडतो. खरा त्रास चुकूनही अर्थ लागणाऱ्या शब्दांचा. ‘घ’चा ‘ध’ झाला की ‘घर’चं ‘धर’ होतं आणि कुठेही लाल रेघ येत नाही. तसंच ‘ऱ्या’चं. ‘डोंगरदऱ्या’चं ‘डोंगरदर्या’ झालं की वडिलांना डोंगरात समुद्र ऐकू येणार. ‘णार्या’चं ‘णाऱ्या’ सरसकट करा, धोका नाही. नुसतं ‘र्या’ मात्र सरसकट बदलू नका, नाहीतर ‘सूर्या’ आणि ‘कार्यालया’ची वाट लागेल, ते एकेक बघावं लागतं. ‘दु:ख’मध्ये विसर्गाऐवजी कोलन बसलेला असतो, तोही बदला. सनावळ्या आणि माणसांची नावं तेवढी पुस्तक शेजारी ठेवून तपासा, कारण १ आणि ९ यांची अदलाबदल कानाला कळत नाही.

पुस्तक १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं असेल तर ‘कांहीं’, ‘नाहीं’ तसंच ठेवा. लेखकाचं शुद्धलेखन सुधारणं आपलं काम नव्हे. (कॉपीराइटची चिंता नको. भारताच्या कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी अशी प्रत करून द्यायला परवानगी आहे.)

हे झालं की एक प्रकरण स्क्रीनकडे न बघता ऐका. काही विचित्र वाटलं तर त्या शब्दावर थांबून अक्षर-अक्षर वाचून घ्या. अक्षरं बरोबर असतील तर दोष त्या यांत्रिक आवाजाचा. ‘चमचा’तला ‘च’ तो ‘चहा’तल्यासारखा म्हणतो, म्हणून काही जण शब्दच वेगळा लिहून ठेवतात. तसं करू नका. उद्या आवाज बदलला किंवा वडिलांनी ब्रेल डिस्प्ले (मजकूर बोटांनी वाचायच्या उठावाच्या ठिपक्यांत दाखवणारं यंत्र) घेतला, तर तीच चूक त्यांच्या बोटांखाली येईल.