आहेरातले पीस आणि स्वस्तातले कटपीस वापरून घरीच कपडे शिवणं परवडतं का? लोक चिंध्या म्हणत नाहीत का?

तुम्ही लिहिलंय की लग्नाकार्यात आलेले ब्लाऊज पीस, शर्टपीस घरात पडून आहेत, बाजारातून किलोवर आणलेले काही कटपीस आहेत, सासूबाईंची पायमशीनही आहे, तर त्यातून घरच्यांचे कपडे शिवणं परवडेल का. एवढंच असतं तर मी वाचून पुढं गेलो असतो. पण शेवटी तुम्ही विचारलंय, "लोक चिंध्या घातल्यात असं म्हणणार नाहीत ना?" हा शब्द मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलाय, आणि तोही वडिलांच्या अंगावरच्या सदऱ्याबद्दल. म्हणून लिहायला बसलो.

मी उदगीरचा. आई गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज, परकर शिवायची. हूक लावणं, काज करणं, तुरपाई ही कामं आम्हा पोरांकडं असायची. दादा त्यातून हळूच सटकायचा, मी मात्र मशीनवरच बसलो आणि नोकरी लागल्यावरही उठलो नाही. माझे शर्ट मीच शिवतो. "हे काय बायकी काम" म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी सांगतो, बाजारात जा आणि टेलरच्या दुकानात मशीनवर कोण बसलंय ते बघून या. नामदेव महाराजांचं घराणं शिंप्याचं, आणि त्यांचं नरसी आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात. माझ्यापुरता तो विषय तिथंच संपतो.

आता अण्णांचं, म्हणजे वडिलांचं सांगतो. आयुष्यभर धोतर आणि नेहरू शर्ट घातलेला माणूस. सत्तरीनंतर पाठीला बाक आला आणि उजवा खांदा जाम झाला. हात डोक्याच्या वर जाईना, त्यामुळं गळ्यातून घालायचा कुठलाही कपडा म्हणजे रोजची मारामारी. रेडीमेड नेहरू शर्ट बाकामुळं मागून कंबरेवर चढायचा, पुढून मांडीवर लोंबायचा आणि गळा नरड्याला काचायचा. बाक आलेल्या माणसाच्या पाठीचं अंतर वाढतं आणि पुढचं कमी होतं. दुकानात टांगलेला कपडा सरळ उभ्या राहणाऱ्या तरण्या माणसासाठी कापलेला असतो. मोठा नंबर घेतला तर खांदे ओघळतात, घेर वाढतो, पण मागचं चढणं काही थांबत नाही.

दादा पुण्याहून दिवाळीला आला तेव्हा अण्णांसाठी भारीतला कुर्ता घेऊन आला. चकचकीत, गळ्यावर भरतकाम. आम्ही दोघांनी मिळून तो त्यांच्या अंगात घातला. अण्णांनी दोन मिनिटं सहन केलं आणि म्हणाले, "काखेत आवळायलंय रे, काढा आधी." दादाला ते लागलं. मला कळतं, त्यानं पैसे मोजले होते, प्रेमानं आणला होता. पण त्या कापडात अर्ध्याहून जास्त पॉलिस्टर होतं, आणि आमच्याकडं एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी पार करून जातो. तो कुर्ता उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला घालायचा म्हणजे शिक्षाच.

मी आईची पेटी उघडली. तुमच्याकडं जशी पिसं साठलीत, तशी आमच्याकडं धोतरं साठली होती. आहेरात आलेली, घडीही न मोडलेली. अण्णांनी तोवर पायजमा धरला होता, त्यामुळं धोतर कुणी नेसत नव्हतं. धोतराचं सूत मऊ, पन्हा (कापडाची रुंदी) मोठा, फक्त कापड विरळ. म्हणून खांद्यावर आणि पाठीच्या वरच्या भागात दुहेरी घ्यायचं ठरवलं.

माप कसं घेतलं ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर हेच कामाला येईल. अण्णा ओसरीवरचा खांब धरून उभे. मानेच्या मागच्या हाडापासून बाकावरून कंबरेपर्यंत टेप धरला. मग पुढून, गळ्याच्या खळगीपासून कंबरेपर्यंत. दोन्ही मापं वेगळी लिहिली. "ताठ उभं राहा" असं म्हणायचं नाही. माणूस रोज जसा उभा राहतो तसंच माप घ्यायचं. टेलर इथंच घोळ घालतात. मागचा भाग पुढच्यापेक्षा दोन इंच लांब कापला. पाठीला खांद्याखाली आडवी पट्टी घेतली आणि त्या पट्टीखाली बारीक चुण्या दिल्या, म्हणजे बाकाला जागा मिळते आणि खालचा घेर उगाच वाढत नाही. पुढचा गळा अर्धा इंच खोल केला. काखेत जुन्या पद्धतीचा चौकोनी तुकडा घातला, त्यानं हात हलवताना काख ओढत नाही. पुढून सदरा पूर्ण उघडा ठेवला, कोटासारखा हातात घालता येईल असा. बोटं थरथरायची म्हणून काज-बटण न करता आतून टिच बटणं लावली, आणि धोतराचा बारीक काठ सबंध पुढच्या पट्टीवर उभा आणला. टिच बटणं त्याखाली झाकली गेली.

आणि चोरखिसा. बंडीला असतो तसा, आतून. पण डाव्या हाताला सापडेल असा उजव्या बाजूला, कारण उजवा हात वळत नव्हता.

चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न लातूरला होतं. अण्णांनी तोच सदरा घालायचा हट्ट धरला. कडक इस्त्री करून घातला. मांडवात दादानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "अण्णांना चिंध्या घालून आणलंस पाहुण्यांत. धोतर फाडून सदरा शिवतं का कुणी? 399 ला ऑनलाइन शर्ट येतो. तुझ्या वेळेची तरी काही किंमत धर." मी त्याला तिथं काही बोललो नाही, मांडवात भांडण शोभत नाही. थोड्या वेळानं आहेर करायची वेळ आली. अण्णांनी डावा हात आत घातला, चोरखिशातून पाकीट काढलं आणि नवरीच्या हातात स्वतः दिलं. कुणाला "माझ्या खिशातलं काढ रे" म्हणावं लागलं नाही. गेली दोन वर्षं प्रत्येक कार्यात ते काम त्यांच्यासाठी दुसरं कुणी तरी करत होतं.

दादाचे ते तीन मुद्दे आजही तसेच उभे आहेत, आणि तुमचाही प्रश्न तोच आहे, म्हणून उत्तरं इथंच देतो.

पहिला, 399 चा शर्ट. येतो, नाही कोण म्हणतंय. पण त्याची शिवण उलटी करून बघा. आत माया, म्हणजे शिवणीपलीकडं राखलेलं जास्तीचं कापड, नसते. पोट सुटलं, पोरगं वाढलं तरी उसवून सैल करायला कापडच नाही. मी बाजूला इंचभर आणि खाली दोन इंच दुमड ठेवतो. पोराची शाळेची पँट खालून सोडली की आणखी एक वर्ष चालते. परवडणं हे असं मोजायचं. विकत घेतानाची किंमत बघितली तर रेडीमेड जिंकेल, कपडा टाकून देण्याच्या दिवसापासून मागं मोजलं तर घरचा.

दुसरा, वेळेची किंमत. रात्री जेवणानंतर तास-दीड तास मशीनवर बसतो. त्या वेळेचे मला कोण पैसे देणार होतं? मोबाइल बघत बसलो असतो तर दादानं तो वेळ कधी मोजला नसता. शिवायला बसलं की लगेच सगळे हिशेब मांडतात.

तिसरा, लोक. लोकांना चिंधी दिसते ती वाईट शिलाईमुळं: वाकडी टीप, लोंबणारे दोरे, इस्त्री नाही, दोन तुकड्यांचे रंग एकमेकांशी भांडणारे. कापड आहेरातलं की दुकानातलं हे कुणालाही कळत नाही. मांडवात तो सदरा बघून दोघातिघांनी अण्णांना विचारलं होतं, कुठल्या टेलरकडं शिवलात म्हणून. दादा तेव्हा जवळच उभा होता.

शिवाय मला एक कळत नाही. परभणी, जालना, बीडकडं बघावं तिथं कापूस, आणि तो पिकवणाऱ्याच्या अंगावर पॉलिस्टरचा शर्ट. आमच्या उदगीरला विणलेल्या खादीतून नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. इतकं चांगलं सूत हाताशी असताना आम्ही "फॉल चांगलाय" म्हणून प्लास्टिक पांघरतो. गांधी जयंतीच्या सुमारास खादीवर सूट असते, तेव्हा भंडारात तुकडे मागून बघा. थोडे जाड असतात, पण दोन-चार धुण्यांनंतर जे मऊ होतात, त्याला तोड नाही.

आता तुमच्या साठ्याकडं. आहेराच्या पिसांत निम्म्याहून जास्त माल निव्वळ फिरता असतो. ह्या घरून त्या घरी, आणि घडी कुणीच मोडत नाही. दुकानदार सगळ्यालाच प्युअर कॉटन म्हणतो. कडेचे दोन धागे ओढा आणि चिमट्यात धरून काडी लावा. कागद जळल्याचा वास आला आणि बोटानं चुरडली जाणारी राख राहिली तर सूत. धागा आक्रसून वितळला आणि काळा टणक मणी झाला तर पॉलिस्टर. मणीही झाला आणि थोडी राखही राहिली तर मिसळलेलं. पॉलिस्टरची पिसं पिशव्या, उशांचे अभ्रे, मशीनचं झाकण यात घाला, अंगावरच्या कपड्यांत नको. टू बाय टू किंवा पॉपलीन असं चांगलं सुती कापड निघालं तर तुमचं नशीब.

सुती कापड कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करायचंच. कटपीसवर खळ असते, ती निघाली की खरं कापड कळतं. नवं सूत पहिल्या धुण्यात आटतं, लांबीत जास्त. दोन वेगळी कापडं जोडणार असाल तर दोन्ही आधी भिजवा, नाहीतर एक आटेल आणि शिवण गोळा होईल. जाड-पातळ एकत्र जोडू नका.

पन्हा बघून मगच काय शिवायचं ते ठरवा. 44 इंची पन्ह्याला बाह्यांसकट कुर्त्याला सव्वादोन-अडीच मीटर लागतं. 36 इंचीला त्याहून जास्त. ब्लाऊज पीस 80 सेंटिमीटरचं, त्यात मोठ्या माणसाचं ब्लाऊजशिवाय काही होत नाही. लहान पोरीचा फ्रॉक मात्र छान होतो, बाळाचं झबलं-टोपडं तर सहज. सारख्या जातीची दोन पिसं असतील तर परकर-पोलकं. आपले जुने कपडे, सदरा, बंडी, कळ्यांचा परकर, हे सरळ पट्ट्या, कळ्या आणि चौकोनी तुकडे जोडून व्हायचे, त्यात कापड वाया जात नव्हतं. कमी कापडात शिवायचं तर तीच कापणी शिका. आजचे गोलाकार, अंगाला चिकटणारे पॅटर्न भरपूर कापड असणाऱ्याचे आहेत.

मापाची शंका असेल तर आधी मांजरपाटावर, म्हणजे स्वस्तातल्या जाड्याभरड्या सुती कापडावर, कच्चा टाका घालून बघा. आणि उरलेली चिंधी फेकू नका, वाकळीला लागतेच.

काही गोष्टी मात्र घरी करू नका. टी-शर्टचं ताणणारं कापड साध्या मशीनवर नीट बसत नाही. जीन्सच्या जाड थरांवर जुन्या मशीनची सुई मोडते. लग्नातलं पॅडचं, अस्तराचं ब्लाऊज टेलरलाच द्या, आणि शिलाई कमी करा म्हणून त्याच्याशी घासाघीस करू नका. रेडीमेडमुळं त्याचं कामही निम्म्यावर आलंय. स्वस्त मिळतंय म्हणून किलोवारी कटपीस आणून ठेवणं हेही परवडणं नाही. आधीचं शिवून झाल्याशिवाय नवं आणू नका. आणि शिवायला बसल्यावर ज्याची पाठ आणि डोळे दुखतात, त्यानं रेडीमेड घेतलं तर त्यात काहीही चूक नाही.

मशीन बरीच वर्षं बंद असेल तर आधी सगळ्या छिद्रांत तेल सोडून ती रिकामीच चालवा. जुनं काळं तेल फडक्यानं पुसून घ्या, चामडी पट्टा सैल झाला असेल तर बदला आणि सुई नवी घाला, साध्या सुती कापडाला 14 नंबरची. टाका सुटत असेल तर बहुतेक वेळा सुई उलटी बसलेली असते. पहिला कपडा म्हणून नाडीचा परकर किंवा पायजमा घ्या. तुमच्याकडच्या पिसांचा पन्हा आणि लांबी खाली लिहिलीत तर कशात काय बसेल ते सांगतो. घरात कुणी पाठीला बाक असलेलं असेल तर त्यांची पुढची-मागची दोन्ही मापं वेगळी लिहा.