वाचकांचे प्रश्न : लाल छत्री, चांदीचा आकडा आणि सोंगकालीन तपास

प्रश्न : सोंग राजघराण्याच्या काळातल्या चीनवरच्या एका रहस्यकादंबरीत अधिकारी सांगाडा वाफवतो आणि लाल छत्रीखाली पाहून खून ओळखतो. ही लेखकाची कल्पनाच ना?

उत्तर : नाही. सोंग त्स या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली 'शी युआन ची लू' हा प्रेततपासणीवरचा ग्रंथ लिहिला, त्यात ही कृती दिलेली आहे. दिवस लख्ख उन्हाचा लागतो. हाडं धुऊन, दोरीत क्रमाने ओवून बांबूच्या चटईवर मांडायची. पाच छ लांब, तीन छ रुंद, दोन छ खोल (अंदाजे दीड मीटर, ९० आणि ६० सेंटिमीटर) खड्ड्यात लाकूड-कोळसा पेटवून माती लाल होऊ द्यायची. विस्तव काढला की दोन शंग (द्रव मोजायचं तेव्हाचं माप) चांगली दारू आणि पाच शंग कडक व्हिनेगर ओतायचं, आणि वाफ उसळत असतानाच हाडं आत ठेवून चटयांनी झाकायची. दोन ते चार तासांनी, जमीन निवल्यावर, ती बाहेर काढून तेलकट लाल कागदाच्या छत्रीआडून उन्हात पाहायची. मार जिवंतपणी बसला असेल, तर त्या जागी लालसर माग दिसतो. हाड मोडलं असेल, तर दोन्ही टोकांना रक्ताची झाक. झाक नसेल, तर हाड मृत्यूनंतर मोडलं, कारण रक्ताभिसरण थांबल्यावर मोडलेल्या जागी रक्त झिरपून साठत नाही. ग्रंथाचा खरा जीव या फरकात आहे, छत्रीत नाही. कादंबरीकार मात्र छत्रीवरच थांबतात, याचं वाईट वाटतं.

पावसाळी दिवसासाठीही सोय आहे : मोठ्या भांड्यात व्हिनेगर, भरपूर मीठ आणि आंबट फळं घालून हाडं उकळायची. तिथे अधिकाऱ्याने स्वतः उभं राहायचं, हेही बजावलेलं आहे.

प्रश्न : प्रेताच्या घशात घातलेला केसांतला चांदीचा आकडा काळा पडला की विषप्रयोग सिद्ध होतो का?

उत्तर : होत नाही. केसांत खोचायचा चांदीचा आकडा शिकेकाईसारख्या शेंगांच्या पाण्याने धुऊन घशात घालायचा, तोंड कागदाने बंद करायचं, बाहेर काढल्यावर पुन्हा धुवायचा; काळेपणा गेला नाही तर विष, असा नियम होता. पण चांदीला काळी करते ती गंधकाची संयुगं. त्या काळच्या सोमलात (आर्सेनिकच्या विषात) गंधकाची भेसळ असे, म्हणून कसोटी कधी कधी लागू पडे. कुजलेल्या प्रेतातही तोच गंधकयुक्त वायू असतो, तेव्हा निर्दोष माणूसही अडकू शकतो. तुमच्या कथानकात ही चूक वापरा, पुरावा म्हणून नको.

प्रश्न : माझ्या कादंबरीतला अधिकारी प्रेत स्वतः तपासतो. चालेल?

उत्तर : हात लावणारा वूत्सो, म्हणजे प्रेतं हाताळणारा कामगार. अंगावरच्या खुणा तो मोठ्याने सांगतो, अधिकारी जवळ उभा राहून पडताळतो. दुर्गंधीला भिऊन लांब बसणाऱ्यावर सोंग त्सचा फार राग. नाकाला तिळाचं तेल, तोंडात आल्याचा तुकडा, एवढा उपाय त्याने सांगितला आहे. वळ दिसत नसेल तर जागा ओली करून पातीच्या कांद्याचा पांढरा भाग ठेचून लावायचा, व्हिनेगरात भिजवलेला कागद वर ठेवायचा आणि दोन तासांनी धुवायचं. हुकूम मिळाल्यावर चार तासांत न निघणारा अधिकारी गुन्हेगार ठरे. दुसरी तपासणी वेगळा अधिकारी करी. १२११ पासून मानवाकृतीचा पुढून-मागून छापील नकाशा मिळू लागला; जखम जशी आडवी, तिरपी, वाकडी, तशीच त्यावर लाल शाईने काढायची.