जुन्या शिडाच्या बोटीची गळकी खिडकी: आधी काच काढा

बाहेरून सीलंटचा (फटी बुजवणाऱ्या पदार्थाचा) आणखी एक थर फासू नका. पाणी जुन्या थराखालून वाट काढतच राहतं. काच पूर्ण काढा आणि आधी बोटीच्या भिंतीतल्या भोकांच्या कडा तपासा. भिंतीच्या आतलं प्लायवूड किंवा बाल्सा (हलकं लाकूड) ओलं, काळं असेल तर खरं दुखणं तेच. कुजलेलं कोरून काढा, नीट वाळू द्या, मग इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) भरा.

काच अ‍ॅक्रिलिकची (पारदर्शक प्लास्टिकची) असेल तर अ‍ॅसिटोन लावू नका, बारीक तडे जातात. पॉलिसल्फाइड सीलंटही टाळा. ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) किंवा न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं) सिलिकॉन चालेल.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात: अ‍ॅक्रिलिक उन्हात फुगतं. मीटरभर लांबीची काच ४० अंशांच्या फरकाने जवळपास ३ मिमी वाढते. म्हणून बोल्टची भोकं बोल्टपेक्षा दीड-दोन मिमी मोठी ठेवा आणि शंकूसारख्या निमुळत्या डोक्याचे (काउंटरसंक) स्क्रू वापरू नका, ते पाचरीसारखे काच फोडतात.

सिलिकॉन वापरताना बोल्ट आधी हलकेच आवळा. जोरात आवळून सगळं सिलिकॉन पिळून बाहेर आलं की सांध्यात ताणायला काही उरत नाही. कडेला ३ मिमीचे रबरी तुकडे ठेवलेत तर जाडी टिकते. पाइपने पाणी मारून तपासताना खालून वर जा, म्हणजे गळती नेमकी कुठली ते कळतं.