मुठेचं पाणी भरायला जाताना

नदीच्या पाण्यातला कार्बन मोजायचा तर खडकवासल्यालाच थांबू नकोस. धरणाखाली एक आणि मुळा-मुठेच्या संगमाच्या पुढे बंडगार्डनला दुसरा, एवढे दोन नमुने दर महिन्याला घेतलेस तरी शहर नदीत काय ओततं ते दिसेल.

उन्हाळ्यात प्रवाह आटतो, उरतं ते बहुतांशी सांडपाणी. विरघळलेला सेंद्रिय कार्बन तेव्हा चढा असतो, बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, झिजेतून आलेलं बायकार्बोनेट (हा अजैविक कार्बन) तेही दाट होतं. धरणातून विसर्ग सुरू झाला की दोन्ही पातळ होतात. पण पहिला जोराचा पाऊस चुकवू नकोस! रस्ते, नाले, पालापाचोळा सगळं एकदम धुऊन येतं आणि ती वाढ काही तासांत ओसरते. ठरलेल्या तारखेला गेलास तर ती हाती लागत नाही.

बाटल्यांचं मात्र मनावर घे. सेंद्रिय कार्बनसाठी 450 अंशांवर भाजलेला काचतंतूंचा फिल्टर, तपकिरी काचेची बाटली, वर आम्लाचे थेंब. अजैविक कार्बनच्या बाटलीत आम्ल अजिबात नको, तो वायू होऊन उडून जातो. ती काठोकाठ भर, बुडबुडा राहू देऊ नकोस. माझे एका अख्ख्या पावसाळ्याचे नमुने यातच गेले, अजून हळहळ वाटते. आणि वेळ एकच ठेव. दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पहाटे तो पाण्यात साठलेला असतो.