बाबांना माती मिळाली नाही

करोनाच्या काळात ज्यांच्या घरचे माणूस रुग्णालयात एकटे गेले, अशी कॅथलिक कुटुंबे आजही समुपदेशनासाठी येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. शेवटचे संस्कार नाहीत, धर्मगुरू नाहीत, चर्चमध्ये शवपेटी नाही, मूठभर माती नाही. मग आमच्या माणसाच्या आत्म्याला शांती मिळाली असेल का, आणि हे सारे आमच्यामुळे राहिले का? यातला पहिला प्रश्न श्रद्धेचा आहे आणि दुसरा अपराधभावाचा. दोन्ही एकमेकांत गुंतले की माणूस वर्षानुवर्षे तिथेच अडकून राहतो. अशा एका ताईंचा अनुभव त्यांच्या संमतीने येथे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई वसईच्या पश्चिमेकडील एका गावातल्या, पन्नाशीच्या आसपासच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. वडिलांनी आयुष्यभर वाडीत केळी आणि भाजी पिकवली. पहाटेची मिस्सा (चर्चमधील उपासना) ऐकून मग कामाला लागायचे, हा त्यांचा नेम. एप्रिल २०२१ मध्ये घरात सर्वांनाच ताप आला. बाबांचा ऑक्सिजन उतरला तेव्हा ताईंच्या आग्रहावरून त्यांना दाखल केले गेले. त्यानंतर बापलेकीची भेट झाली नाही. मृतदेह प्लास्टिकमध्ये बांधून थेट स्मशानात नेण्यात आला आणि तेथे दहन झाले. मोठा भाऊ तेवढा पीपीई किट घालून उपस्थित होता. पुढे अस्थी धर्मग्रामाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या हद्दीतील, दफनभूमीत पुरल्या गेल्या, पण त्या वेळी घरातले बाकीचे विलगीकरणात होते.

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा या घटनेला दीड वर्ष होत आले होते. रात्री जेमतेम दोन-तीन तास झोप लागत होती. चर्चच्या दारापर्यंत जाऊन त्या परत फिरत असत आणि त्यामुळे गावात ‘हिची श्रद्धाच उडाली’ अशी चर्चा सुरू झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारे आणि दैनंदिन जगणे विस्कटून टाकणारे तीव्र दुःख हा आता स्वतंत्र विकार मानला जातो. म्हणून झोपेसाठी मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. प्रार्थना करणाऱ्या माणसाने गोळी घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. तो दूर करण्यातच आमचा बराच वेळ गेला.

समुपदेशक म्हणून आत्म्याच्या गतीविषयी निर्वाळा देणे माझे काम नव्हे. तो प्रश्न त्यांनी आपल्या प्रमुख धर्मगुरूंना विचारावा, असे मी सुचवले आणि फादरांनी त्यांना शांतपणे वेळ दिला. २० मार्च २०२० रोजी व्हॅटिकनच्या ॲपोस्टॉलिक पेनिटेन्शिअरीने, म्हणजे पापक्षमेचे विषय पाहणाऱ्या कार्यालयाने, एक आदेश प्रसिद्ध केला होता. ज्यांना तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) आणि अखेरचे कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) मिळणे अशक्य आहे, त्यांना चर्च देवाच्या दयेच्या स्वाधीन करते आणि मरणासन्न व्यक्तीला पापांच्या शिक्षेची पूर्ण माफी देते, असे त्यात म्हटले होते. अट एवढीच, की त्या व्यक्तीचे मन त्यासाठी तयार असावे आणि तिने हयातीत काही प्रार्थना नेमाने केलेल्या असाव्यात. ही सवलत करोनासाठी नव्याने शोधून काढलेली नाही, धर्मगुरू पोहोचू शकत नाहीत अशा मरणासाठी चर्चची ही जुनीच तरतूद आहे, हेही फादरांनी सांगितले. दहनाला कॅथलिक चर्चने १९६३ पासून परवानगी दिलेली आहे आणि अस्थी पवित्र जागी ठेवाव्यात हा २०१६ चा निर्देश या कुटुंबाने नकळत पाळलाही होता.

हे ऐकून ताईंना हायसे वाटेल अशी माझी अपेक्षा होती. त्यांना राग आला. “मग हे आम्हाला तेव्हा कुणी का नाही सांगितलं?” असे त्यांनी मला विचारले. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. तसे संदेश त्या काळात मोबाइलवर येतही होते, पण ज्या घरात चार माणसे तापाने फणफणली आहेत आणि पाचवे रुग्णालयात आहे, तिथे परिपत्रक कोण वाचणार? अशा वेळी कुणीतरी फोन करून, नावाने हाक मारून, दोन वाक्यांत ते सांगावे लागते.

त्यांच्या धर्मग्रामाने काही केले नाही, असे मात्र मुळीच नव्हते. घर बंद होते त्या दिवसांत लघु ख्रिस्ती समूहातील (शेजारच्या कॅथलिक कुटुंबांच्या गटातील) तरुण रोज फाटकावर डबा, भाजी आणि औषधे ठेवून जात. ताई आजही त्याबद्दल कृतज्ञतेने बोलतात. मदत थांबली ती मृत्यूनंतर. एरवी आपल्याकडे मरण झाले की घंटा वाजते, शेजारी न बोलावता येतात, संध्याकाळी घरात जपमाळ म्हटली जाते आणि कुणी काही विशेष बोलले नाही तरी घर भरलेले राहते. आपली सांत्वनाची सारी रीत माणसांनी एकत्र येण्यावर उभी आहे आणि नेमके तेच निषिद्ध ठरले. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. तोवर ताईंच्या घरचे मरण इतरांच्या दृष्टीने जुने झाले होते. पहिले काही महिने लोक संसर्गाच्या भीतीने आले नाहीत आणि नंतर इतक्या उशिरा जाऊन काय बोलायचे, या संकोचाने आले नाहीत.

समुपदेशनात आम्ही बाबांच्या शेवटच्या दिवसांकडून हळूहळू त्यांच्या आयुष्याकडे वळलो. ताईंच्या मनात सतत तेच चित्र होते: मास्क लावलेले बाबा, बंद पडलेला मोबाइल, कुणीही जवळ नाही. परिचारिकेने नक्कीच त्यांच्यासाठी प्रार्थना केली असेल, असे दिलासे त्यांना अनेकांनी दिले होते. जे आपल्याला ठाऊक नाही ते सांत्वनासाठी खरे म्हणून सांगू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण दुःखातल्या माणसाला त्यातला पोकळपणा लगेच कळतो. त्याऐवजी, चर्च बंद होते त्या वर्षात बाबा काय करत होते, असे मी विचारले. तेव्हा ताईंना आठवले की २७ मार्च २०२० च्या रात्री, पोप फ्रान्सिस पावसात सेंट पीटरच्या रिकाम्या चौकात उभे राहून जगाला आशीर्वाद देत होते, तेव्हा बाबा दुखऱ्या गुडघ्यांवर टीव्हीसमोर बसले होते. पुढेही मोबाइलवरच्या प्रत्येक मिस्सेत ते आध्यात्मिक कम्युनियनची (प्रत्यक्ष कम्युनियन घेता येत नाही तेव्हा म्हणायची) प्रार्थना मोठ्याने म्हणत. आदेशातील अट कशी पूर्ण झाली, हे मला सांगावे लागले नाही. ताईंनीच ते सांगितले.

अपराधभाव मात्र एवढ्याने जाणार नव्हता, कारण तो भावावरच्या रागातही लपलेला होता. दादाने दहनाच्या कागदावर सही कशी केली, हे त्या विसरू शकत नव्हत्या. दोघांना एकत्र बोलावले, तेव्हा दादा प्रथमच त्या दिवसाविषयी बोलला. दफनासाठी थांबले तर देह आणखी किती तास तसाच राहील, हे त्याला कुणी सांगत नव्हते. दाहिनीसमोर त्याने प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यावर शब्द आठवेनात. तेव्हा स्मशानातील एक कामगार हात जोडून त्याच्या शेजारी उभा राहिला. “तुला सांगितलं असतं तर तू अजून रडली असतीस,” असे तो बहिणीला म्हणाला. एकमेकांना सांभाळण्यासाठी पाळलेले मौन घरांना किती तोडते, हे मी या काळात वारंवार पाहिले आहे.

राहिलेला विधी उशिरा करता येतो का, असे ताईंनी फादरांना विचारले आणि ते लगेच हो म्हणाले. नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. त्या महिन्यात एका संध्याकाळी बाबांसाठी मिस्सा झाली, लघु ख्रिस्ती समूहातली घरे आली आणि दफनभूमीत अस्थी पुरलेल्या जागी प्रत्येकाने मूठभर माती घातली. डबे आणून देणारे तरुणही आले होते. त्यांतला एक जण ताईंना म्हणाला की फाटकापासून आत यायला हवे होते, असे त्याला इतके दिवस वाटत होते.

ताईंची झोप सुधारली आहे आणि औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी होत आहे. रविवारी त्या चर्चमध्ये जातात, पण बाबा बसत त्या बाजूला अजून बसत नाहीत आणि मी त्याची घाई करत नाही. आई अजून या विषयावर बोलायला तयार नाही. तिच्याकडे समूहातल्या दोन वयस्क बाया आठवड्यातून एकदा जपमाळ म्हणायला जातात; तिने बोलावेच, असा आग्रह त्यांनी धरू नये, एवढेच मी त्यांना सांगितले आहे.