वाचकांचे प्रश्न : कुत्र्यांचा संधिवात

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर कुत्री 9 वर्षांची आहे. झोपून उठल्यावर तिचे मागचे पाय आखडलेले असतात. थोडे चालल्यावर ती मोकळी होते. ती कण्हत नाही, खाणेही उत्तम आहे. वयोमानाने असे व्हायचेच, असे समजावे का?

उत्तर : तसे समजून सोडून देऊ नये. विश्रांतीनंतर आखडणे आणि हालचालीने मोकळे होणे हे सांध्यांच्या झिजेचे अगदी ठळक लक्षण आहे. कुत्र्याची जुनाट वेदना त्याच्या आवाजातून क्वचितच कळते. ती कळते त्याच्या बदललेल्या सवयींतून. उडी मारण्यापूर्वी घुटमळणे, जिना टाळणे, फिरताना मागे रेंगाळणे, एकच सांधा सारखा चाटणे, मांड्यांचे स्नायू बारीक होणे आणि कमरेला हात लावताच गुरगुरणे, या सगळ्यांकडे त्याच नजरेने पाहावे. पुष्कळ कुत्री ‘म्हातारपणी चिडकी झाली’ म्हणून बोलणी खातात, तेव्हा प्रत्यक्षात त्यांचे सांधे दुखत असतात.

शिवाय वय हे कुत्र्यांच्या संधिवाताचे मूळ कारण सहसा नसते. खुब्याच्या किंवा कोपराच्या सांध्याची सदोष वाढ, निसटणारी गुडघ्याची वाटी, गुडघ्यातील तुटलेला अस्थिबंध अशा दोषांतून झीज सुरू होते. म्हणून दोन-तीन वर्षांच्या कुत्र्यालाही हा आजार असू शकतो. तपासणीला जाताना घरातील चालण्याचे आणि जिना चढण्याचे चित्रीकरण सोबत न्यावे, कारण दवाखान्यातील ताणामुळे कुत्रे लंगडणे लपवते. क्ष-किरण चित्र उपयोगी असले, तरी त्यात दिसणारी झीज आणि प्रत्यक्षातील वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. आखडण्याबरोबर ताप असेल आणि एकाच वेळी अनेक सांधे सुजले असतील, तर गोचिडांमुळे होणारा आजार किंवा प्रतिकारशक्तीचा बिघाड तपासावा लागतो. आणि पंजा उलटा पडून नखे जमिनीवर घासत असतील, तर दोष बहुधा सांध्यात नसून मज्जातंतूंत असतो.

प्रश्न : रात्री कुत्रा फार अस्वस्थ असला, तर घरातील आयबुप्रोफेनची अर्धी गोळी देता येईल का?

उत्तर : नाही, पाव गोळीही देऊ नये. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन आणि डायक्लोफेनॅक ही औषधे जठराच्या अस्तराचे व मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्याचे रक्षण करणाऱ्या द्रव्यांनाच रोखतात, आणि कुत्र्याच्या शरीरात थोड्या मात्रेनेही जठरात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो किंवा मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलच्या जास्त मात्रेने यकृताला आणि तांबड्या पेशींना इजा होते. माणसांच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल हा गोडवा देणारा पदार्थ असतो. त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरते. वेदनाशामक मलमही कुत्रा चाटून पोटात घेतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलोक्सिकॅम, फिरोकोक्सिब अशी वेगळी तपासलेली औषधे आहेत. ती सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने यकृत व मूत्रपिंडाची रक्ततपासणी करावी, आणि ती स्टेरॉइडबरोबर कधीही देऊ नयेत. उलटी, जुलाब, काळी विष्ठा किंवा खाण्याची अनिच्छा दिसताच औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे. बेडिनवेटमॅब हे महिन्यातून एकदा टोचले जाणारे प्रतिपिंड वेदना वाढवणाऱ्या मज्जातंतू-वाढ घटकाला अडवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला 2023 मध्ये मान्यता दिली, मात्र डिसेंबर 2024 मध्ये तोल जाणे, झटके येणे अशा दुष्परिणामांच्या नोंदींबाबत पशुवैद्यकांना सावधही केले. तेवढ्यावरून ते नाकारण्याचे कारण नाही. पण टोचल्यानंतर चालण्यातील बदलांवर लक्ष ठेवावे.

प्रश्न : डॉक्टर प्रत्येक भेटीत वजनाचाच विषय काढतात. वजनाने खरोखर इतका फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि माझ्या मते स्थूल कुत्र्याच्या बाबतीत याहून मोठा उपाय नाही. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीतील एकाला आयुष्यभर 25 टक्के कमी खाणे देण्यात आले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणारी कुत्री सुमारे 1.8 वर्षे अधिक जगली आणि त्यांच्यावर संधिवाताचे उपचार बरेच उशिरा सुरू करावे लागले. आधीच लंगडणाऱ्या स्थूल कुत्र्यांतही वजन 6 ते 9 टक्क्यांनी उतरल्यावर चाल सुधारल्याचे आढळले आहे. म्हणजे 40 किलोच्या कुत्र्याचे सुमारे अडीच ते साडेतीन किलो. सांध्यावरील भार हे याचे एक कारण आहे. दुसरे असे की, चरबी दाह वाढवणारी द्रव्येही स्रवत असते.

खाणे अंदाजाने न घालता वजन करून द्यावे, खाऊचे उष्मांक दिवसभराच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या भागापलीकडे जाऊ देऊ नयेत, आणि आठवड्याला 1 ते 2 टक्के इतक्याच गतीने वजन उतरवावे. हलक्या हाताने बरगड्या जाणवू लागल्या आणि वरून पाहता कंबर दिसू लागली, की योग्य टप्पा आला. घरातील प्रत्येकाने गुपचूप एक तुकडा दिला, तर मात्र हा सगळा हिशोब फसतो.

प्रश्न : ग्लुकोसामीन द्यावे का?

उत्तर : त्याच्या उपयोगाचा पुरावा कमकुवत आहे. पूरक द्यायचेच असेल, तर माशाच्या तेलातील ओमेगा-3 मेदाम्लांची बाजू अधिक भक्कम आहे. मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि त्या तेलाचे उष्मांक वरील हिशोबात धरावेत.

प्रश्न : दुखत असताना फिरवावे की पूर्ण विश्रांती द्यावी?

उत्तर : पूर्ण विश्रांतीने स्नायू झिजतात आणि सांधा आणखी उघडा पडतो. रोज सारख्याच अंतराच्या, पट्ट्याला धरून दोन-तीन छोट्या फेऱ्या घडवाव्यात; आठवडाभर घरात बसवून सुट्टीच्या दिवशी लांब पळवणे आणि चेंडूमागे झेपा घ्यायला लावणे टाळावे. पाण्यातील व्यायामाची सोय असल्यास तो उत्तम, कारण त्यात भार कमी पडून स्नायूंना काम मिळते. फिरून आल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी लंगडणे वाढले, तर अंतर कमी करावे. घरात गुळगुळीत फरशीवर, विशेषतः त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आणि खाण्याच्या भांड्यापाशी, न सरकणाऱ्या रबरी चटया घालाव्यात आणि नखे वेळच्या वेळी कापावीत.